शिवेवरचं कुंपण

आमचं गाव भोकरदनकडचं, निजामाच्या हद्दीतलं शेवटचं. शिवेपलीकडं इंग्रजांचा मुलूख. तिकडचे लोक चोरून येतात, आपली मजुरी पाडतात आणि येताना पटकीची साथही आणतात, असं रायभान पाटलांनी चावडीत ठणकावलं.

त्यांचा धाकटा भाऊ त्रिंबक म्हणाला, "दादा, कापूस वेचायला तेच लागतात की आपल्याला."

पाटलांनी ऐकलं न्हाई. गावानं बाभळी तोडल्या आणि शिवेवर काट्यांचं कुंपण घातलं.

तरी पटकी गावात शिरलीच. मंग रिवाजाप्रमाणं मरीआईचा गाडा निघाला. हळदकुंकू लावून, लिंबं बांधून गाडा ओढत न्यायचा आणि शेजारच्या गावाच्या हद्दीत सोडून मागं न बघता परतायचं. गाड्यासंगं पटकीही तिकडंच जाते.

गाडा कुंपणाला येऊन अडला.

"काटे काढा, जल्दी," पाटील म्हणाले.

"मंग तिकडचे आत येतील ना, दादा," त्रिंबक म्हणाला.

"येऊ कोण देतंय? आपल्याला फक्त धाडायचंय."

गड्यांनी बाभळी ओढल्या, तर मागं आणखी बाभळी निघाल्या. पलीकडून कुणीतरी दुसरा थर रचला होता, आमच्यापेक्षा उंच. त्यामागं तिकडचे गावकरी काठ्या घेऊन उभे होते. त्यांच्यातल्या म्हाताऱ्यानं हात जोडले.

"राम राम, पाटील. कुंपणाचं लई बरं केलं तुम्ही. आम्ही नुसती भर घातली."