शाळेचं अस्वल

स्पिरिट वीक, म्हणजे शाळेच्या जल्लोषाच्या आठवड्याच्या शेवटच्या नाचाची थीम समुद्रतळ होती, म्हणून शाळेच्या जिमभर निळे कागद लटकत होते. ब्रिनला तिथे थांबवत नव्हतं. तिचा भाऊ टॅनर उन्हाळ्यात तळ्यात बुडून गेला. सामन्यांत अस्वलाचा पोशाख घालून, शाळेचं बोधचिन्ह बनून नाचायचा तो तोच. तेव्हापासून तो पोशाख कुलूपबंद होता. अचानक टाळ्या पडल्या. अस्वल डोलत आत आलं, ब्रिनपाशी थांबलं आणि त्यानं टॅनरसारखीच तिची वेणी ओढली. "गॅरेट, लाज नाही वाटत? काढ ते डोकं!" ती खेकसली. "अगं, मी इथे आहे!" टॅनरचा मित्र गॅरेट मागून म्हणाला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "आणि किल्ली कोचकडेच आहे." ब्रिननं अस्वलाचा पंजा पकडून दाबला. आत बोटं नव्हती; लोकरीतून गार पाणी ठिबकलं. "ब्रिन, सोड त्याला!" गॅरेट ओरडला. तिनं दुसराही पंजा धरला. "टॅनर, गाणं संपेपर्यंत तरी थांब."