बरणीतली वीज

"हात धरा एकमेकांचे. घट्ट," तुळशीराम मास्तर म्हणाले. "मधे कुठं सुटलं तर कुणालाच काही कळायचं नाही."

जळगाव जामोदला खेड्यांवरच्या मास्तरांचा उन्हाळी वर्ग चालला होता. तुळशीराम मास्तर वर्गाच्या दारापाशी उभे होते. त्यांच्या डाव्या हातात काचेची बरणी होती, आतून-बाहेरून कथलाचा वर्ख लावलेली. तिच्या तोंडातून पितळी दांडी वर आली होती आणि दांडीच्या टोकाला सुपारीएवढा गोळा होता. नागपूरहून आणलेल्या यंत्राचं चाक फिरवून त्यांनी बरणीत वीज भरली होती. त्यांचा उजवा हात पुंजाजीने धरला, पुंजाजीचा शेजारच्याने, आणि अशी माणसांची माळ वर्गभर वळून हिंमतराव, मग रंगराव पाटील करत पुन्हा दारापाशी आली. शेवटच्या माणसाने गोळ्याला बोट लावायचं. वाट पुरी झाली की वीज सगळ्यांच्या अंगातून जाणार होती.

बुलढाण्याहून शाळा तपासायला आलेले डिप्टीसाहेब खुर्चीतून पाहत होते. त्यांनी दाराबाहेर बोट दाखवलं.

"तो ओसरीवर कोण बसलाय?"

"कडूबा, साहेब. महारवाड्याच्या शाळेवर शिकवतो," मास्तर म्हणाले.

"वर्गात नाव आहे ना? मग शेवटी उभा करा त्याला. सरकारी वर्ग आहे हा."

कडूबा उंबऱ्याशी आला. रंगरावाने हात मागे घेतला. दोघं संग्रामपूरकडच्या एकाच गावचे. पाटलांचं घर वरच्या आळीला, कडूबाची शाळा नाल्यापलीकडे.

"मी नाही धरत त्याचा हात."

"मग प्रयोग झाला असं मी लिहिणार नाही," साहेब शांतपणे म्हणाले. "वर्ग पास झाला असंही नाही. कुणाचाच."

रंगरावाने खांद्यावरचं उपरणं ओढलं आणि एक टोक कडूबाच्या अंगावर फेकलं. "धर हे."

कडूबाने टोक धरलं. दुसऱ्या हाताचं बोट गोळ्याला लावलं. काहीच झालं नाही.

"पाह्यलं?" रंगराव म्हणाला. "विजेलेबी समजते, कोणाकडं जावं अन् कोणाकडं नाही."

सगळी माळ हसली. साहेबांच्या मिशीखालीही काहीतरी हललं.

"तसं नव्हे, तसं नव्हे," मास्तर घाईने म्हणाले. "कापडातून वीज जात नाही. काच, कोरडं लाकूड, यांतूनही नाही. धातूतून जाते." त्यांनी कोपऱ्यातली लोखंडी सळई आणवली. "पाटील, ही घ्या. एक टोक तुम्ही धरा, एक त्याला द्या."

"हे चालन." रंगरावाने सळई घेऊन दुसरं टोक पुढे केलं.

कडूबाने हात पाठीमागे नेले.

"मी सळई नाही धरत."

"काऊन बे?"

"कापड धरलं तं तुम्ही हासले. आता हात द्या, नाही तं राहू द्या."

"धर नं बे!" हिंमतराव ओरडला. "तुह्यापायी आमी सारे बुडून राह्यलो."

पुंजाजीने गोडीत घेतलं. "असं काऊन करतं, बाबू? सळई काय अन् हात काय, वीज तं सारखीच जाते."

"मंग पाटील हात द्यायले काऊन भेतात?"

रंगराव एक पाऊल पुढे आला. त्याचा आवाज खाली उतरला होता.

"गावात वापस यायचं हाय नं तुले? तुही शाळा वाळल्या पऱ्हाटीच्या काड्यांची हाय. उन्हाळा हाय. ध्यानात ठेव."

"ध्यानात हाय," कडूबा म्हणाला. हात मागेच राहिले.

डिप्टीसाहेब उठले आणि टोपी डोक्यावर ठेवू लागले.

"पाटील," मास्तर रडकुंडीला आले, "अहो, बरणीतली वीज उतरून जाईल हो!"

रंगरावाने सळई फेकली. ती फरशीवर खणखणत गेली. त्याने कडूबाचा हात हिसकून घेतला आणि असा आवळला की बोटांचा कटकन आवाज झाला. कडूबाने हात सोडवून घेतला नाही. दुसरा हात लांबवून त्याने गोळ्याला बोट लावलं.

ठिणगी कडाडली. सगळ्यांचे कोपर एकदम उडाले, माळ दहा ठिकाणी तुटली. "आई वो!" कुणीतरी किंचाळलं, आणि मग दंड चोळत सारे मोठमोठे मास्तर पोरांसारखे हसू लागले. कडूबाही हसला. रंगराव हसला नाही.

साहेब "छान" म्हणाले आणि दमणीत बसून गेले. बैलांच्या घुंगरांचा आवाज दूर गेला तसा रंगराव तडक शाळेपुढच्या विहिरीवर गेला. बाकीचेही मागोमाग आले.

"हिंमतराव, पाणी ओढ अन् ओत माह्या अंगावर. मले बादलीले हात लावता येत नाही."

हिंमतराव वाकला आणि तसाच थांबला.

"मी कसा लावू? तुहा हात माह्याच हातात होता."

त्याने शेजारच्याकडे पाहिलं. शेजारच्याने त्याच्या पलीकडच्याकडे. नजर एकेकाला टाळत पुंजाजीपर्यंत पोचली. पुंजाजीने मान हलवली आणि तो मागे वळला. तुळशीराम मास्तर बरणी छातीशी धरून येत होते.

"मास्तर, तुमीच ओढा."

मास्तरांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं.

"माझ्याही अंगातून गेली," ते म्हणाले.

ऊन माथ्यावर आलं होतं. विहिरीच्या काठावर बादली कोरडी पडली होती आणि तिच्याभोवती सगळे एकमेकांपासून अंतर ठेवून उभे होते. ओसरीवर कडूबाने घरून आणलेला तांब्या उघडला. सुजलेल्या बोटांवर थोडं पाणी ओतलं आणि उरलेलं सगळ्यांच्या देखत, सावकाश, प्यायला.