पहिलवानाची बोटं

पहिलवानाच्या बायकोचं पत्र येऊन दोन वर्षं झाली होती आणि उत्तर गेलं नव्हतं. म्हाताऱ्या फोटोग्राफरने ते टाकून मात्र दिलं नव्हतं. वाचत असलेल्या पुस्तकात तो ते खूण म्हणून ठेवी. पुस्तक संपलं की पत्र पुढच्या पुस्तकात जाई. अशी एकोणीस पुस्तकं झाली.

पत्र चार ओळींचं होतं. 'भाऊजी, हे गेले. घरात यांचा एकही धड फोटो नाही. तुम्ही तर सत्तावीस वर्षं कॅमेरा घेऊन यांच्यासमोर उभे होतात. एखादा असेल तर पाठवा.'

नव्हता. संग्रहालयातल्या एकूण एक चित्राचा फोटो त्याने काढला होता. चित्र स्टँडवरून घसरू नये म्हणून ते मागून धरून उभा राहणारा हमाल म्हणजे पहिलवान. अंगाने काडी, म्हणून पहिलवान. समोरून दिसत ती फक्त चौकटीच्या दोन्ही कडांवरची चार चार बोटं. तीही फोटोग्राफर नंतर कापून टाकी. मग त्या बाईंना लिहायचं काय?

आता संग्रहालयाला शंभर वर्षं होत होती. दर्शनी भिंतीसाठी सगळ्या चित्रांचं एक मोठं कोलाज हवं होतं. काम त्याच्याकडे आलं आणि त्यासोबत मूळ, न कापलेल्या फोटोंची डिस्क. गेले आठ दिवस जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटर होता आणि नवरा-बायको मांडीवर ताट घेऊन जेवत होते.

दुपारी संग्रहालयातल्या मॅडमचा फोन आला. त्याला ऐकू कमी येई, म्हणून बायकोने स्पीकर लावून दिला आणि ती शेजारी शेंगा सोलत बसली.

"काका, नमुना पाहिला. छान जमलाय. फक्त कडा कापायच्या राहिल्यात. सगळीकडे कुणाची तरी बोटं दिसताहेत."

"राहिल्या नाहीत." तो खाकरला. "ठेवल्यात."

मॅडम हसल्या. "अहो, लोक चित्रं बघायला येणार. बोटं कशाला बघतील?"

"ती पहिलवानाची आहेत."

"कोण पहिलवान?"

त्यांनी ते अगदी सहज विचारलं.

"हे बघा काका, कोलाजखाली तुमचं नाव लागणार आहे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. चित्रं आणि बोटं, दोन्ही नाही ठेवता येणार."

"मग चित्रं कापतो."

बायकोच्या हातातली शेंग हातातच राहिली. संग्रहालयात या माणसाला सगळे घुम्या म्हणत. वरिष्ठांना 'बरं' याखेरीज तो काही बोलल्याचं तिने कधी ऐकलं नव्हतं.

"काका, तसं असेल तर आम्हाला हे काम दुसऱ्या कुणाला द्यावं लागेल. आणि नावाचं—"

"नावाचं राहू द्या," तो म्हणाला आणि त्याने फोन बंद केला.

"वाचा फुटली म्हणायची तुम्हाला," बायको म्हणाली.

"चुकलं का गं माझं?"

"चुकलंही असेल. पण आता माघार घेतलीत, तर या टेबलावर पुन्हा बसू द्यायची नाही मी."

तो कामाला लागला. राणी कापली. घोडे कापले. समुद्र, फळांची टोपली, तीन हात लांबीची लढाई, सगळं एकेक करून काढलं. उरल्या चौकटींच्या कडा आणि त्यांच्यावरची बोटं. ती त्याने वर्षांप्रमाणे ओळीत लावली. वर पहिलं वर्ष, खाली शेवटचं.

बायको चष्मा लावून वाकली. "तिसऱ्या ओळीत अंगठी आली. लग्न झालं वाटतं."

"हो."

"आणि हे नख असं काळं?"

"सोनेरी चौकट पडली बोटावर. साहेब धावत आले आणि विचारलं, चित्राला काही लागलं नाही ना."

तिने स्क्रीनवर बोट खाली सरकवलं. पुढच्या ओळींत नख वेडंवाकडं वाढत गेलं, बोटांची पेरं फुगली. शेवटच्या दोन ओळी धूसर होत्या.

"इथे फोटो हललेत तुमचे."

"फोटो नाही हलले. हात थरथरायचे त्याचे." त्याने चष्मा काढून पुसला. "मी खेकसायचो त्याच्यावर. म्हणायचो, नीट धर."

संध्याकाळी त्याने ती फाइल संग्रहालयाला पाठवली. त्याच्या नावासाठी सोडलेल्या जागेत त्याने 'पहिलवान' असं लिहिलं. मग छापून आणलेली मोठी प्रत दोन पुठ्ठ्यांमध्ये घातली आणि वर चिठ्ठी ठेवली. 'वहिनी, चेहरा माझ्याकडे नाही. जे आहे ते सगळं पाठवतोय. उशीर माझा.' पत्रावरचा पत्ता पाकिटावर उतरवून घेतला आणि पत्र प्रथमच पुस्तकाबाहेर, खिशात ठेवलं.

सकाळी पोस्ट उघडताच तो रांगेत पहिला होता. पाकीट वाकू नये म्हणून त्याने ते छातीशी उभं धरलं होतं. ते डोळ्यांच्याही वर जात होतं. काउंटरवरच्या बाईंना समोर एवढं मोठं पाकीट दिसलं आणि त्याच्या दोन्ही कडांवर चार चार बोटं.

"मागे कोण आहे?" त्यांनी विचारलं.

त्याने पाकीट काचेखालून सरकवलं. बाईंनी तिकिटं चिकटवली, शिक्का मारला. पाकिटाची एक कड अजून त्याच्या हातात होती.

"सोडा की आता, आजोबा. पोचेल नीट."

त्याने एकेक बोट सोडलं.