ताणावरची बाग

पाटात पाणी दिसलं तशी इंदूबाई डोक्यावरची शिदोरी शेताच्या धुऱ्यावर टाकून, फावडं घेऊन पळत सुटली. मे महिन्याचं ऊन, काटोलच्या वाटेवरच्या विहिरी तळाला गेलेल्या, आणि ही बाई पाणी पाहून बोंबलतेय! पाहणाऱ्याला वाटावं, हिला ऊन लागलं.

पण संत्र्याचं असंच असतं. उन्हाळ्यात पाणी तोडायचं, पानं मलूल होऊ द्यायची आणि मन घट्ट करून पाहत राहायचं. याला ताण देणं म्हणतात. मग मृगाचा पाऊस पडला की तेच झाड फुलांनी लदबदून जातं. मधेच पाणी मिळालं तर नुसती पालवी फुटते. फूल नाही, फळ नाही. मागचा बहार गारपिटीनं नेला होता. यंदाही फळ नाही आलं तर बाग तोडून कपाशी लावू, असं नवऱ्यानं बजावलं होतं. झाडं इंदूबाईनं स्वतःच्या हातानं लावलेली.

पहिल्या झाडाच्या आळ्यात पाणी शिरलंच होतं. तिनं माती ओढून पाट तिथंच दाबला आणि चढाकडं पाहून ओरडली, "मुकादम! इंजन बंद करा गा!"

वर मुरमाची खदान होती. खणता खणता झिरा लागला, खड्डा भरू लागला आणि मजूर कुदळी टाकून काठावर बसले. तेच पाणी इंजनानं उपसून पाटात सोडलं होतं. मुकादम मारोतराव इंजन थांबवून हसत हसत खाली आला. तो उमरेडच्या विणकराच्या घरचा. जन्म मागावर गेला, खदानीवर आला तो अलीकडं. बागेतलं त्याला काय कळणार!

"काहून बाई? झाडं मरून राहिली होती तुमची. म्हटलं, पाणी फेकायचंच आहे तर तेवढं पुण्य तरी लागंल."

"मरून नाही राहिली, मी उपाशी ठेवली त्याईले! तुमच्या पुण्यानं माहा बहार बुडाला असता!"

तिनं त्याला ताण समजावून सांगितला. मारोतरावाचं तोंड उतरलं.

"चुकलं बाई. पण हे पाणी टाकू कुठं? खड्डा भरला तर खदान बंद, अन् हे सारे घरी."

इंदूबाईनं उतार पाहिला. पाणी वळवायला जागा एकच होती, दिराची वांग्याची वाडी. धोंडबा तिच्या नवऱ्याचा धाकटा भाऊ. वाटणीत तंटा झाला तेव्हा त्याच्याकडं जाणारं पाटाचं तोंड इंदूबाईनंच दगडं रचून बुजवलं होतं. तेव्हापासून दोघांत बोलणं नव्हतं. साऱ्या गावाला ते ठाऊक होतं.

"तिकडं?" मारोतरावानं हळूच विचारलं.

"मंग? माहा राग मोठा का बहार मोठा?"

तिनं पदर खोचला आणि दगडं उपसायला लागली. आवाज ऐकून धोंडबा वाडीतून तणतणत आला. "कोण गा, पाट फोडून राहिलं?" समोर वहिनीला पाहून तो थबकला. मग त्यानं तिच्या बागेकडं मान वळवली. ओला पाट पाहिला, आणि त्याचा चेहराच बदलला.

"वहिनी, किती झाडाईले लागलं पाणी?"

"एकच भिजलं, भाऊजी."

"मंग वाचली बाग," तो म्हणाला, आणि वाकून पलीकडून दगडं ओढू लागला.

इंजन पुन्हा सुरू झालं. पाणी वांग्यात शिरलं. मारोतराव मात्र त्या भिजलेल्या झाडाजवळ अपराध्यासारखा उभा होता.

"हे झाड तर माह्या हातानं वाया गेलं, बाई."

इंदूबाईनं धुऱ्यावरची शिदोरी आणली आणि त्याच झाडाखाली सोडली. भाकरीचे तीन वाटे केले.

"या भाऊजी, तुम्हीबी बसा. बसा मुकादम. आठ दिवसांनी साऱ्या बागेत हेच हिरवं दिसंल. यंदा सावली तरी देईल नं!"