बारा सेकंदांची शर्यत

दुसरा गोल झाला तेव्हा विलासराव अतिग्रे खुर्चीवरून उठले आणि टीव्हीसमोर मित्रांच्या गळ्यात पडून नाचले. कोल्हापुरातल्या तालीम मंडळाच्या त्या खोलीत त्यांच्याइतका फुटबॉलवेडा दुसरा कोणी नव्हता.

खरं तर त्या संध्याकाळी ते पुण्याला असायला हवे होते. राज्य अजिंक्यपदाच्या शंभर मीटरच्या अंतिम शर्यतीत त्यांची मुलगी केतकी धावणार होती. पण लीगचा अंतिम सामना नेमका त्याच वेळी आला. "बारा सेकंदांची तर शर्यत," ते बायकोला म्हणाले होते, "तू जा तिच्याबरोबर. मी मोबाइलवर बघतो."

सामना संपल्यावर त्यांनी बायकोनं पाठवलेला व्हिडिओ उघडला. केतकी पहिली आली होती. रेषेपलीकडं गेल्यावर ती धापा टाकत प्रेक्षकांकडं बघत राहिली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. शेवटी आईला हात करून तिनं मान खाली घातली. विलासरावांनी तेवढाच भाग पुन्हा पुन्हा पाहिला. शेजारी मित्र अजून ओरडत होते.

दुसऱ्या दिवशी ते हार घेऊन एसटी स्टँडवर उभे राहिले. केतकीनं वाकून नमस्कार केला आणि पदक त्यांच्या हातात दिलं.

"मी यायला हवं होतं गं."

"असू दे, बाबा." तिच्या आवाजात राग नव्हता. "काल मॅच कुणी जिंकली?"

त्यांना दोन्ही गोल मिनिटासकट पाठ होते. पण हार तिच्या गळ्यात घालत ते म्हणाले, "आधी तुझी शर्यत सांग."