आयवालिकची मुकी म्हातारी

इकडं सरकून बसा, आयवालिकच्या मुक्या म्हातारीची गोष्ट सांगतो. ग्रीसच्या क्रीट बेटावरच्या सगळ्या मुसलमानांना दोन्ही सरकारांच्या करारानं जहाजात घालून तुर्कस्तानात, इथं आयवालिक गावी आणलं, त्यात ही फेरिदे आजी आली. पाच वेळा नमाज पढणारी, पण बोली ग्रीक, तुर्कीचा एक शब्द येत नव्हता. आणि इथं तर दवंडी पिटलेली, तुर्कीच बोलायचं, नाहीतर चौकीत चला. म्हणून तिच्या लेकीनं, मेलिहानं, गावभर सांगून टाकलं की आमची आई मुकी आहे.

एका दुपारी पोलीस शिपाई दारात येऊन उभा राहिला. "काय हो बाई, तुमची मुकी म्हातारी कोंबड्यांना शिव्या घालते म्हणे. तेही ग्रीकमध्ये."

"कोंबड्या खोटं बोलत असतील, साहेब," मेलिहा कशीबशी म्हणाली.

शिपाई हसला नाही. "तुम्ही बाहेर थांबा. मी एकटाच बघतो तिच्याकडं." त्यानं आत जाऊन कडी लावली. मेलिहा दाराला कान लावून उभी राहिली. आई, एक शब्दही काढू नकोस गं, नाहीतर नेतील तुला, एवढंच ती मनात घोकत होती.



आतून शिपायाचा आवाज आला, अगदी हळू, आणि क्रीटच्याच ग्रीकमध्ये. "आजी, माझी आई गेल्यापासून या भाषेत मला कुणी रागावलंच नाही गं. कोंबडी समजून मलाही चार शिव्या घाल की."

शिपाई अजून नोकरीत आहे, तेव्हा त्याचं नाव तेवढं मला विचारू नका.