चार नंबरची बोट

आजही त्यांना शेवटचाच नंबर मिळाला, आणि बंदरातून बाहेर पडायच्या आधीच टायरवाल्याचं डोकं फिरलं.

चार मोटरबोटी एकामागे एक निघाल्या होत्या. पुढे मास्तर. त्यांनी तीस वर्षं भूगोल शिकवला आणि आता दर सुट्टीत ही टोळी या बंदरातून त्या बंदरात न्यायचे. मग दातांचे डॉक्टर आणि त्यांची बायको. मग बेकरीवाल्या दोघी बहिणी. आणि सगळ्यांच्या मागे, सगळ्यांचा धूर खात, टायरवाला आणि त्याची बायको.

"सगळ्यात मोठं इंजिन कुणाचं? आपलं," टायरवाला म्हणाला. "आणि आपण कुठे? शेपटाला."

बायकोनं नुसती मान हलवली. वारा गार होता म्हणून तिनं मांडीवर शाल घेतली होती.

मास्तर बोटीवर एकटेच असायचे, पण टोळीतल्या बाकीच्यांना एक नियम होता. स्टिअरिंग ज्याच्या हातात, त्यानं रेडिओला हात लावायचा नाही. तो शेजारी बसलेल्यानं सांभाळायचा. रोज निघताना मास्तर हजेरी घ्यायचे. माइकचं बटण दाबलं की आपलं त्यांना ऐकू जायचं, सोडलं की त्यांचं आपल्याला. टायरवाल्यानं पाच वर्षांत तो माइक एकदाही हातात घेतला नव्हता. दुकानातला फोनसुद्धा तो उचलायचा नाही. त्याला माणसं होती.

"चार नंबर, मागे आहोत," बायकोनं हजेरी दिली.

"विचार मास्तरला, आम्ही शेवटी का ते."

"विचारते."

थोड्या वेळानं त्यानं समोर बघतच विचारलं, काय म्हणाला मास्तर.

"काहीच नाही."

झालं. टायरवाल्याच्या तोंडाचा पट्टा सुटला. परवा डिझेल भरायला नंबर त्याचा होता, आणि मास्तर मध्ये घुसले. बेकरीवाल्यांनी काल सगळ्यांना केक वाटला, आणि याच्या ताटलीत काय, तर कडेचा करपलेला तुकडा. डॉक्टर तर जेटीवर याच्याशी बोलता बोलता मध्येच पाठ फिरवून निघून गेला.

"डॉक्टर चांगले आहेत हो," बायको म्हणाली.

"चांगला? जगाचे दात घासतो आणि स्वतःचे बघ, हळद खाल्ल्यासारखे."

बायकोनं थर्मासमधला चहा ओतला. डाव्या हातानं ओतला, त्यामुळे अर्धा बाहेर सांडला. त्यानं विचारलं, उजवा हात मोडलाय का.

"गारठलाय."

तासभर झाला तरी रेडिओवरून एक शब्द आला नाही. एरवी सगळे दिवसभर टकळी लावायचे, कुणाला मासे दिसले, कुणाला बोट लागली. आज मध्येच क्षणभर नुसती खरखर व्हायची आणि परत चिडीचूप.

"बंद पडलाय का गं हा?"

"लाल दिवा लागलाय की."

त्यानं बघितलं. लागला होता.

"म्हणजे मुद्दाम बोलत नाहीत. आपल्याला वाळीत टाकलंय. आणि हे सगळं तुझ्या भावामुळे."

बायकोनं मांडीवरची शाल नीट ओढून घेतली. तिचा भाऊ बोटींचा मेकॅनिक होता. या चारही बोटींची इंजिनं त्याच्याच हातची. मागच्या सुट्टीत तो यांच्याच बोटीवर आला होता. एका दुपारी सगळे जेवायला गेलेले असताना मास्तरांची बोट जेटीवरून सुटली, खडकावर गेली आणि तळापासून फाटली. दोर बांधला होता भावानं. मास्तर ओरडले नाहीत. "तुझ्यावर विश्वास होता," एवढंच म्हणाले आणि त्याला बसमध्ये बसवून दिलं. त्यानंतर किनाऱ्यावर कुणी त्याला साधा स्क्रूही पिळायला दिला नाही. आता तो एका पार्किंगच्या गेटवर आडवा बांबू वर-खाली करतो. त्याची मुलगी अजून शाळेत सांगते, माझे बाबा बोटी दुरुस्त करतात.

"त्यानं दोर नीट बांधला होता," बायको म्हणाली.

"मी कुठे नाही म्हणतोय? नीटच होता. मीच सोडला ना."

"कशाला सोडलात?"

"कितीदा सांगू? शिडीजवळची जागा आपली होती. आपण आधी पोचलो होतो. मास्तरनं खुशाल स्वतःची बोट घातली तिथे. मी ती जरा मागे सरकवली, आपली आत घेतली, त्याचा दोर परत अडकवला. आता तो निसटला, त्याला मी काय करू? चूक कुणाची? दुसऱ्याच्या जागेत घुसणाऱ्याची."

"आणि माझ्या भावाचं नाव आलं तेव्हा?"

"तेव्हा काय बोंब मारायची होती मी? तो तरणा आहे, कुठेही चिकटेल. मी या वयात चारचौघांत मान खाली घालायची का?"

"मला वाटलं होतं, तुम्ही स्वतःहून सांगाल त्यांना."

"मेलो तरी नाही."

"बरं," बायको म्हणाली.

पुढचं बंदर दिसायला लागलं. छोटंसंच, एक जेटी, चार दिव्यांचे खांब. तिन्ही बोटी लागल्या होत्या. शिडीजवळची जागा मात्र रिकामी होती. चक्क यांच्यासाठी सोडली होती.

आधी पोचलेल्यांनी मागच्यांचा दोर झेलायचा, हीसुद्धा टोळीची रीतच. आज सगळे जेटीवर रांगेत उभे होते आणि एकही जण वाकला नाही. बेकरीवाल्या बहिणींनी हाताची घडी घातली होती. डॉक्टर ओठ घट्ट मिटून उभे होते. मास्तर टायरवाल्याकडे बघतच नव्हते, त्याच्या बायकोकडे बघत होते.

टायरवाल्यानं इंजिन बंद केलं. रागानं त्याचे कान लाल झाले होते.

"बघितलंस? दोर धरायलासुद्धा येत नाहीत. माणसं आहेत का कोण आहेत? घे तो माइक आणि विचार त्यांना सगळ्यांसमोर, आमचं काय चुकलं."

बायकोनं शालीखालून उजवा हात बाहेर काढला. माइक त्याच हातात होता. बटणावर दाबून दाबून अंगठा पांढराफटक पडला होता. तिनं अंगठा सावकाश उचलला, आणि रेडिओवरचा लाल दिवा विझला.